तिसरी न्हाई

भाभी, तुमच्या उठावण्याला, त्या शोकसभेत, लोक माझ्याबद्दल खोटं बोलले, अन् मी गप बसून ऐकून घेतलं. तुम्ही असत्या तर म्हणल्या असत्या, "काय रे उत्तम, मिठाची गुळणी धरल्ती का तोंडात?"

पांढऱ्या गाद्या होत्या, माईक होता, तुमच्या फोटोला चंदनाचा हार होता. धान्याच्या मोंढ्यातले ते म्हातारे आडते उठले. तेच, ज्यांच्या पावलाची चाहूल लागली की तुम्ही केबिनचा पंखा बंद करायच्या, म्हणजे ते जल्दी उठून जातील. घसा साफ करून ते म्हणले, "शेठच्या मागं भाभींनी मिल सांभाळली. अन् हा त्यांचा उत्तम. इतकी वर्षं टिकला, कारण काय? मालकाच्या शब्दाबाहेर गेला न्हाई. कधी उलट बोलला न्हाई. आजकालच्या पोरांनी हे शिकावं." सगळ्यांनी माझ्याकडं बघून माना डोलावल्या. मी पण हात जोडले. जोडताना वाटलं, उठावं, माईक हिसकून घ्यावा अन् म्हणावं, काका, बसा खाली. एवढ्या थोड्या वेळात दोन खोट्या गोष्टी बोलल्या तुम्ही.

पहिली खोटी गोष्ट ही की तुम्ही मिल 'सांभाळली'. सांभाळायला काय ते शेजाऱ्याचं लेकरू होतं? मिल तुम्ही चालवली. दुसरी ही की मी कधी उलट बोललो न्हाई. भाभी, मी दुसरं केलं काय? रोज सकाळी गेट उघडलं की तुमचं माझं भांडण, अन् माल जास्त असला की दुपारी परत. मिलमधली गयाबाई तर म्हणायची, "आज दोघं बोलून न्हाई राह्यले, कोणाची तब्येत खराब हाये का?"

तिथं बोललो न्हाई कारण तुमची सून समोर रडत होती. पण मनात ठरवलं की हे लिहून काढायचं. ज्याला वाचायचं त्यानं वाचावं, ज्याला राग यायचा त्याला येऊ द्यावा.

शेठ गेले तेव्हा आष्टीत सगळे धरूनच चालले होते की आता दाळमिल विकणार. तुमचा पंकज शाळेत होता. मुनीम नवीन मालक शोधायला जालन्याला चकरा मारून राह्यला होता. मी मशीनवर होतो, केदारखेड्याचा माणूस, बहीण आष्टीत दिलेली म्हणून तिच्या आधारानं इथं आल्तो. मी पण दुसरीकडं काम बघायला लागल्तो, खोटं कशाला बोलू. अन् एका सकाळी येऊन बघतो तर गेट उघडं, अन् आत तुम्ही. डोक्यावर पदर, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. नवी सून सासरचं स्वयंपाकघर बघते तशा एकेका मशीनजवळ थांबून बघत होत्या.

मुनीम धावत आला. "भाभी, तुम्ही कशाला तकलीफ घेतली?" तुम्ही त्याच्याकडं बघितलं पण न्हाई. मला विचारलं, "हे चालवतं कोण?" मी म्हणलं, मी. तुम्ही म्हणल्या, "मला मशीन कळत न्हाई. मला दाळ कळते. आज जी निघंल ती मला शिजवून दाखव."

शेडच्या मागं, लिंबाच्या झाडाखाली तीन विटा मांडल्या. तुराट्या पेटवल्या. दाळ निवडायला येणाऱ्या बायांमधली गयाबाई पुढं झाली, पातेलं चढवलं, हळद-मीठ टाकलं, बस्. शिजल्यावर तुम्ही उभ्या उभ्याच दोन बोटांत एक दाणा चेपला, मंग एक घास खाल्ला, मंग म्हणल्या, "मीठ कमी आहे. पोती शिवा."

त्या दिवसापासून मिलचा तो कायदा झाला. लॉट कुठलाही असो, पार्टी कोणतीही असो, त्यातली दाळ चुलीवर शिजल्याशिवाय पोतं शिवायचं न्हाई. आधी मालकानं खायची, मंग सगळ्यांनी आपापली भाकर सोडायची. तुम्ही जैन, कांदा-लसूण चालायचं न्हाई, अन् आमच्या लोकांच्या घशाखाली कांद्याशिवाय घास उतरत न्हाई. तुम्ही म्हणल्या, "लिंबाच्या पलीकडं जाऊन खा, मला दिसला न्हाई पाहिजे." वास तर येणारच ना भाभी. तुम्ही इतकी वर्षं तो वास आला न्हाई असं तोंड करून उभ्या राहिल्या. उपवास असला तरी यायच्या, दाणा चेपून बघायच्या अन् तो माझ्या हातावर ठेवायच्या. "तू खा. मला सांग."

गावात हसले लोक. बाईनं मिलमध्ये पण चूलच मांडली म्हणले. दाजी तर एका बारशात सगळ्यांसमोर मला म्हणले, "आमचा साला बाईच्या हाताखाली काम करतो." लई झोंबलं तेव्हा. मी म्हणलं, "हाताखाली न्हाई दाजी, समोर. तिच्याशी भांडायला समोर उभं राहावं लागतं, कधी येऊन बघा." दाजी आले न्हाईत. तुम्हाला हे सांगितल्यावर तुम्ही हसल्या न्हाई, फक्त म्हणल्या, "पुढच्या वेळी त्यांना चहाला बोलव." त्या चहाला दाजी अजून आले न्हाईत.

आता ते न्हाईचं सांगतो. उठावण्यात हे कोणालाच माहीत नव्हतं.

तूर वर चढवणाऱ्या बादल्यांचा पट्टा असतो, एलिवेटर, त्याच्या बुडाशी खड्डा असतो. तुम्ही म्हणल्या, आज तो साफ कर. मी म्हणलं, "न्हाई भाभी, काही गरज न्हाई, मागच्याच महिन्यात केल्ता." तुम्ही माझ्या तोंडाकडं नीट बघितलं. मंग पदर खोचला अन् स्वतः खड्ड्यात उतरल्या. मी म्हणतोय, अहो भाभी, अहो भाभी! आतून फोलपट यायला लागलं, सुतळीची गुंतवळ आली, अन् शेवटी एक चप्पल आली. डाव्या पायाची. ती हातात धरून तुम्ही वर बघितलं अन् विचारलं, "उत्तम, ही तूर आहे का हरभरा?" सगळी मिल हसली. तुम्ही वर आल्या, हात झटकले. "ही तुझी न्हाई आळसाची होती."

मंग आलं मोंढ्याचं. मुनीम सोडून गेल्ता, तूर खरेदी कोण करणार? तुम्ही म्हणल्या, उद्यापासून बोली तू बोलायची. मी म्हणलं, न्हाई. मशीनवरचा माणूस मी, तिथं व्यापाऱ्यांच्या घोळक्यात उभं राहून आवाज काढायचा म्हणजे घाम फुटला मला. तुम्ही म्हणल्या, "ही भीतीची आहे." अन् दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर मोंढ्यात आल्या. त्या सगळ्या गर्दीत बाई म्हणून एकट्या तुम्ही. माझ्या मागं उभ्या राहिल्या. एक शब्द बोलल्या न्हाई. व्यापारी माझ्याशी बोलायचे अन् डोळे तुमच्याकडं. माझा आवाज पहिल्यांदा निघालाच न्हाई, दुसऱ्यांदा चिरकला, तिसऱ्यांदा निघाला. सौदा ठरल्यावर तूर हातात घेऊन बघितली तुम्ही अन् म्हणल्या, "बराबर." बस्, तेवढंच. तुमच्याकडं शाबासकीचा दुसरा शब्दच नव्हता, अन् तो पण दिवाळी-दसऱ्यासारखा कधीतरी यायचा. मी तो घरी नेला, कमलला सांगितला. कमल म्हणली, "बराबर म्हणल्या म्हणून एवढं कोण फुगतं का?" फुगतं ना.

त्याच दिवशी परत येताना जीपमध्ये तुम्ही नियम सांगितला. "हे बघ उत्तम. मला होजी-होजी करणारा माणूस नको. तसे घरी लई आहेत. पण प्रत्येक न्हाई पण मी ऐकणार न्हाई. पहिली न्हाई माणूस आळसानं म्हणतो, दुसरी भीतीनं. त्या दोन्ही मी धरणार न्हाई. तिसऱ्यांदा पण न्हाई म्हणलास, तर ती खरी. तिच्यापुढं मी जाणार न्हाई. पण ती स्वस्त करू नको."

मी स्वस्त केली न्हाई, भाभी. एवढ्या वर्षांत तिसरी किती वेळा आली ते दोन्ही हातांच्या बोटांवर सांगता येईल. पहिल्या मात्र रोज, अन् दुसऱ्या पण पुष्कळ.

पहिल्यांदा तिसरी आली ती त्या पावसाळी दिवसातल्या लॉटला. ट्रक गेटवर उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवून राह्यला, पार्टी लांबची, नवीन, मोठी. चुलीवर दाळ शिजंना. उकळ्यावर उकळ्या येऊन गेल्या, तरी दाणा फुटंना, वर पिवळं पाणी अन् खाली गोटे. तुम्ही चेपून बघितलं अन् तरी म्हणल्या, भर. मी म्हणलं, न्हाई. तुम्ही म्हणल्या, ट्रक थांबलाय. मी परत म्हणलं, न्हाई. मंग तुम्ही 'राव' लावला. राग आला की तुम्ही मला मान द्यायच्या.

"उत्तमराव, मिल तुमची का माझी?"

"मिल तुमची. दाळ मी काढलेली आहे."

"मंग?"

"मंग न्हाई."

सगळ्या बाया सुपं खाली ठेवून बघत होत्या. तुमचं तोंड लाल झाल्तं. किल्ल्या हातात घेतल्या, परत कमरेला खोचल्या. मंग गेटकडं गेल्या अन् ड्रायव्हरला स्वतः म्हणल्या, "भैया, वडीगोद्रीला जाऊन चहा पी, अन् तिथूनच दुसरीकडं माल बघ. आज न्हाई होणार."

ती पार्टी परत आली न्हाई. कधीच. गोष्टीत असतं तसं पुढं काही झालं न्हाई, की दुसऱ्या मिलचा माल परत आला अन् उत्तमचं कसं खरं निघालं. त्या न्हाईनं आपलं भलं झालं का बुरं, हे मला आजपर्यंत माहीत न्हाई. तुम्हाला पण नव्हतं. पण तुम्ही ती पार्टी कधी माझ्या तोंडावर मारली न्हाई. बाकी सगळं मारलं. मी फोडलेली काच, मी विसरलेला पट्टा, कमलच्या भावाच्या लग्नात चार दिवस जास्त राहिलो ते. ती पार्टी न्हाई.

अन् तुम्ही काही देवी नव्हत्या, हे पण आजच सांगून टाकतो, नाहीतर फोटोला हार घातला की सगळे देव होतात. लई शकी बाई होत्या तुम्ही. मी कुलूप लावलं की मागून येऊन ओढून बघायच्या. तोंडावर चूक कबूल करायची म्हणजे तुमच्या घशात काटा अडकायचा. अन् माझ्या घरी फोन करून माझी चहाडी करायच्या! "कमल, तुझा नवरा आज दोनदा न्हाई म्हणलाय, त्याला सकाळी चहा बराबर दिल्ता का?" घरी गेलो की कमल दारातच हसत उभी. कोणत्या मालकानं कोणाच्या बायकोला असे फोन केले असतील?

ड्रायरचं पण सांगतो, म्हणजे लोक म्हणायला नको की उत्तम फक्त आपलीच बढाई मारतो. तुम्ही वाळवायचं मशीन घ्यायचं म्हणल्या. मी तीनदा न्हाई म्हणलं. उन्हात वाळलेल्या तुरीची गोष्टच वेगळी, असं माझं म्हणणं. तिसरी आली म्हणून तुम्ही थांबल्या. त्या वर्षी ऐन हंगामात असं आभाळ धरून राह्यलं की ताडपत्र्या टाकून अन् काढून पोरांचे हात सोलवटले, अन् तुम्ही छत्री घेऊन नुसत्या बघत राहिल्या. एका शब्दानं बोलल्या न्हाई. पुढच्या वर्षी ड्रायर आला. तो उतरवताना तुम्ही हळूच विचारलं, "काय उत्तम, तुझी न्हाई वाळली का?" मी म्हणलं, वाळली. मी चुकल्तो, तरी तुम्ही नियम मोडला न्हाई. पुढच्या खऱ्या न्हाईला पण तुम्ही तशाच थांबल्या. म्हणून तर मी तुमच्याजवळ राहिलो. त्या आडत्या काकांना वाटतं, मान खाली घातली म्हणून राहिलो.

आमची पूनम पुण्यात एका कंपनीत आहे. तिथं म्हणं बॉसशी संबंध चांगले कसे ठेवायचे याचा क्लास घेतात, पडद्यावर चित्रं दाखवून. सकाळी हसून बोला, बॉसला अचानक धक्का देऊ नका, त्याचा मूड बघून विषय काढा. तिनं मला फोनवर विचारलं, "बाबा, तुमचं भाभींशी एवढं कसं काय जमलं?" मी म्हणलं, "भांडून." ती म्हणली, तसं आमच्याकडं चालत न्हाई. मी म्हणलं, मंग बाई, तुझ्या बॉसला सांग, आष्टीला ये, लिंबाखाली दाळ खा. तुम्हाला हे सांगायचं राहिलं. तुम्ही खूष झाल्या असत्या अन् तोंडानं म्हणल्या असत्या, "लेकीला वाकडं शिकवू नको."

आता शेवटचं भांडण. ते अजून मिटलेलं न्हाई.

तुम्हाला दवाखान्यातून तुमच्या जालन्याच्या घरी आणल्तं तेव्हा मी भेटायला आल्तो. सकाळची वेळ, खिडकीत ऊन होतं. मी डब्यात दाळ आणल्ती, त्या दिवशीच्या लॉटची. तुम्हाला आता पातळ पेजेशिवाय काही चालत नव्हतं, तरी तुम्ही झाकण काढायला लावलं अन् एक दाणा चेपला. बोटात जोर राहिला नव्हता. दाणा तुमच्या बोटांत नुसता फिरला. मी दुसरीकडं बघितलं.

तुम्ही म्हणल्या, "उत्तम, आता मिलमध्ये पंकज येईल. एक ऐक. त्याला न्हाई म्हणू नको."

मी डब्याचं झाकण लावायला लागलो.

"तो माझ्यासारखा न्हाई. पुण्यात शिकला, तिकडंच नोकरी केली, त्याला सवय न्हाई. तो तुला काढून टाकील. तू या वयात कुठं जाशील? हो म्हणत जा. माझ्यासाठी."

भाभी, तुम्ही किती वर्षांनी माझ्यासाठी घाबरल्या असाल, मला माहीत न्हाई. पण घाबरल्या. तुमच्या डोळ्यांत मी ते बघितलं, अन् मला रागच आला. मोंढ्यात सगळ्यांसमोर मला उभं केलं त्या बाईनं मला आता म्हणावं की खाली बस?

मी म्हणलं, "न्हाई."

तुम्ही थोड्या हसल्या. "ही आळसाची."

"न्हाई, भाभी."

"ही भीतीची." अन् तुम्ही माझ्याकडं बघत थांबल्या. तुम्हाला पुढची पाहिजे होती. तेवढ्यात सूनबाई औषध घेऊन आल्या, तुम्हाला बसवलं, पाणी दिलं, उशी सारखी केली, अन् तुमचा डोळा लागला. मी थोडा वेळ बसलो. मंग डबा घेऊन आष्टीची गाडी पकडली. म्हणलं, पुढच्या वेळी.

पुढची वेळ आली न्हाई.

लई त्रास झाला त्याचा. तुम्हाला न्यायची तयारी चालल्ती तेव्हा मला वाटून राह्यलं की गर्दीतून पुढं जावं अन् तुमच्या कानात म्हणावं. लोकांनी वेडा म्हणलं असतं. मला तुमची आठवण येते, भाभी. संध्याकाळी गेटचं कुलूप लावून झालं की मी एक क्षण थांबतो, मागून कोणी ओढून बघंल म्हणून. हे मी कमलला पण सांगितलं न्हाई.

मिल सोमवारी परत सुरू झाली. पंकज आला. पांढरा शर्ट, हातात मोबाईल, पण चाल तुमचीच, टाच आपटत. सगळीकडं फिरला, सगळ्यांना नमस्कार केला, गयाबाईच्या पाया पडला. पोरगं वाईट न्हाई. मंग शेडच्या मागं आला, विटांसमोर उभा राहिला.

"उत्तमकाका, हे आता बंद करूया. फॅक्टरीत उघडी चूल चालत नाही. अन् दाळीचा नमुना आपण जालन्याला लॅबमध्ये पाठवू, रिपोर्ट येतो. एवढ्या लोकांचा वेळ कशाला?"

मी म्हणलं, "न्हाई."

तो हसला. "काका, जग कुठं गेलंय."

"जग जाऊ द्या. दाळ इथंच आहे. न्हाई."

बाया सुपं खाली ठेवून बघायला लागल्या. गयाबाईच्या हातात काड्यापेटी होती. पंकजचं तोंड लाल झालं, अगदी तुमचं व्हायचं तसं. आवाज खाली आणून तो म्हणला, "काका, तुम्ही घरच्यासारखे आहात म्हणून सांगतो. मला इथं नवीन पद्धत लावायची आहे. ज्याला जमणार नाही त्याला थांबवावं लागेल. तुम्हाला पण."

तुम्ही म्हणल्त्या तसंच. शब्दाला शब्द. पूनमचं लग्न व्हायचंय, कमलचे गुडघे, सगळं एका क्षणात डोळ्यासमोरून गेलं. हो म्हणणं किती सोपं होतं. तुमचीच परवानगी होती, तुमचीच ऑर्डर होती.

"न्हाई, पंकजशेठ," मी म्हणलं.

त्यानं मोबाईल खिशात टाकला. मंग विचारलं, "ही कितवी?"

मला आधी कळलंच न्हाई. "काय?"

"ही कितवी न्हाई, काका? तिसरी ना?"

मी म्हणलं, तुम्हाला हे कोणी सांगितलं? तो म्हणला, "रोज जेवताना मम्मी सांगायची. आज उत्तमची पहिली आली, आज दुसरीवर गेलाय. पप्पा गेल्यावर आमच्या घरात दुसरं बोलणंच नव्हतं. मला लहानपणी वाटायचं, ही काहीतरी कोर्टाची तारीख आहे."

भाभी! मला कधी सांगितलं न्हाई तुम्ही. माझ्या घरी फोन करून माझी चहाडी करायच्या, अन् तुमच्या घरी ताटावर बसून पण माझीच गोष्ट!

पंकज वळला. "तिसरी असेल तर शिजवा. मी खाणार नाही. मला पटलेलं नाही." अन् केबिनमध्ये जाऊन दार लावून घेतलं.

गयाबाईनं काडी ओढली. दाळ शिजली, चांगली शिजली, वरपर्यंत वास गेला. पातेलं उतरवलं. पण मालकानं खाल्ल्याशिवाय कोणी खाणार कसं? भाकरी फडक्यात तशाच. ट्रकवाला हॉर्न वाजवायला लागला. पोती तोंड उघडी टाकून उभी. गयाबाई म्हणली, "उत्तमभाऊ, एका ताटलीत घालून नेऊन द्या आत, पोरगं हाये." मी म्हणलं, न्हाई. मालकानं चुलीपाशी यायचं, चूल केबिनमध्ये जात न्हाई. तुम्ही उपवासात पण चालत यायच्या. ताप असताना शाल गुंडाळून आल्त्या. तो तरणाताठा माणूस, त्याला दहा पावलं जड आहेत का? दाळीवर साय धरली. मी हललो न्हाई, कोणालाच हलू दिलं न्हाई.

मंग दार उघडलं. टाच आपटत आला. कोणाकडं बघितलं न्हाई. पातेल्यातून एक दाणा काढला, दोन बोटांत चेपला. हे त्याला कोणी शिकवलं, सांगा. मंग पळीनं हातावर घेतली, खाल्ली, अन् तोंड वाकडं करून म्हणला, "मीठ कमी आहे."

गयाबाईला आधी हसू आलं अन् मंग ती डोळ्याला पदर लावून बसली. पंकज तिच्याकडं बघत म्हणला, "पोती शिवा. पण चूल कंपाऊंडच्या पलीकडं न्यायची, इथं पत्रा जवळ आहे."

"न्हाई," मी म्हणलं. "तिकडं सावली न्हाई."

"ही पहिली आहे," तो म्हणला. "आळसाची."

अन् निघून गेला. बाया लिंबाच्या पलीकडं कांदा फोडायला गेल्या.

चुलीचं काय होईल, मला माहीत न्हाई. लॅबचा रिपोर्ट येईल, पत्र्याचं पण त्याचं म्हणणं बिलकुल चूक न्हाई. पुढच्या महिन्यात तो मला घरी बसवंल, बसवो. पण त्याला होजी-होजी करणारा उत्तम मी देणार न्हाई. तसा माणूस त्याला मोंढ्यात कुठं पण मिळंल, सकाळी गेटवर रांग लागंल. तुमच्या पोराला तुम्हाला मिळाला तेवढाच चांगला माणूस मिळाला पाहिजे, अन् तो न्हाई म्हणणारा असतो, हे तुम्हीच मला खड्ड्यात उतरून शिकवलं.

म्हणून तुमची शेवटची ऑर्डर मी मोडली, भाभी. माझ्या दोन न्हाई तुम्ही ऐकल्यात, तिसरी राहिल्ती. उठावण्यात मोठ्यानं म्हणायला पाहिजे होती, ती इथं म्हणतो. पंकजला न्हाई म्हणू नको, म्हणल्या ना तुम्ही?

न्हाई, भाभी. ही खरी आहे.